लढाऊ विमानांचे अस्सल सिम्युलेटर: नवशिक्यांनी कुठून सुरू करावं आणि गाडी कुठे अडते

ग्वाल्हेरात मिराज कोणाला समजावून सांगावी लागत नाही. महाराजपुऱ्याच्या तळावर १९८५ साली पहिली मिराज-२००० उतरली. तेव्हापासून शहराच्या लष्कर भागात काय नि मुरारमध्ये काय, विमान डोक्यावरून जाताना बोलणारा थांबतो आणि ते गेल्यावर वाक्य पुरं करतो. कारगिलच्या वेळी, १९९९ मध्ये, लेझरच्या मार्गदर्शनाने बॉम्ब टाकणारी विमानं हीच. त्यामुळे इथल्या मुलांना कॉम्प्युटरवर लढाऊ विमान उडवायची हौस येते यात नवल नाही. नवल याचं, की हौसेने आणलेली जॉयस्टिक महिन्याभरात माळ्यावर जाते.

दोष बहुतेक वेळा उडवणाऱ्याचा नसतो. मांडणी चुकलेली असते, नाहीतर शिकण्याचा क्रम उलटा असतो: आधी क्षेपणास्त्र, मग उड्डाण, आणि उतरणं 'बघू नंतर'. हा लेख त्या दोन्ही गोष्टींसाठी आहे.

कठीण काय आणि कठीण काय नाही

अस्सल सिम्युलेटरमध्ये कॉकपिटमधलं जवळजवळ प्रत्येक बटण चालतं. बॅटरी, इंधनपंप, जनरेटर, इंजिन स्टार्ट, कॅनॉपी, दिशादर्शक यंत्रणा असं ओळीने केल्याशिवाय विमान हलत नाही. हे पाहून लोक घाबरतात. पण हा भाग सगळ्यात सोपा आहे. यादी ठरलेली असते, घाई नसते, चुकलं तर परत करता येतं. कागदावर लिहून दोन-चार संध्याकाळी तेच केलं की हात आपोआप चालतात. डीसीएस नावाच्या सिम्युलेटरमध्ये तर डावी विंडोज आणि होम ही बटणं एकत्र दाबली की विमान स्वतःच सुरू होतं. सुरुवातीला ती सोय खुशाल वापरा, त्यात कमीपणा काही नाही.

खरं कठीण आहे ते लक्ष वाटून देणं. वळणात असताना वेग किती उरला, उंची किती, शत्रू कुठल्या खांद्यामागे गेला, इंधन कुठवर नेईल, हे सगळं एकाच वेळी डोक्यात ठेवायचं. गंमतही तीच आहे. साध्या विमान-खेळात शत्रू चौकटीत आला की बटण दाबायचं. इथे तो चौकटीत यावा म्हणून आधी तीन मिनिटं उंची जमवलेली असते, आणि ती जमवली नसेल तर नेम कितीही पक्का असला तरी उपयोग नाही.

कोणता निवडावा

तीन नावं पुरेत. डीसीएस वर्ल्ड फुकट उतरवून घेता येतो. त्यात कॉकेशस आणि मारियाना हे नकाशे आणि दोन विमानं फुकट मिळतात: जमिनीवर मारा करणारं रशियन सुखोई-२५टी आणि दुसऱ्या महायुद्धातलं पंख्याचं मस्टँग बिनशस्त्र रूपात, म्हणजे टीएफ-५१डी. बाकी विमानं एकेक विकत घ्यायची, आणि बहुतेकांची चौदा दिवसांची चाचणी फुकट असते. फाल्कन बीएमएस हा १९९८ च्या फाल्कन ४.० वर हौशी लोकांनी वर्षानुवर्षं काम करून उभा केलेला सिम्युलेटर. मूळ खेळ नावापुरत्या किमतीत विकत घ्यावा लागतो, तो असल्याशिवाय हा चालत नाही. त्यातलं मुख्य विमान एफ-१६, आणि त्यातलं युद्ध खेळ उघडा असेपर्यंत तुम्ही उडत नसलात तरी आपलं आपण चालू राहतं. आयएल-२ ची ग्रेट बॅटल्स मालिका दुसऱ्या महायुद्धातली. तिच्यात बटणं कमी आणि जवळून झुंज जास्त.

सुरुवात डीसीएसच्या फुकटच्या दोन विमानांवर करा आणि तीन महिने पैसे खर्चू नका. या दोन विमानांत जे शिकण्यासारखं आहे ते नवशिक्याला पुरून उरतं.

कॉम्प्युटर, लाइट आणि उन्हाळा

एसएसडी हवीच. साध्या हार्ड डिस्कवर मिशन उघडायला कंटाळा येईल इतका वेळ लागतो आणि उडताना चित्र अडखळतं. रॅम १६ जीबी असेल तर चालतं, ३२ असेल तर धावतं. १६ वाल्यांनी विंडोजची पेज फाइल एसएसडीवर ठेवून तिचा आकार ३२ जीबी असा पक्का करावा, म्हणजे खेळ मधेच बंद पडायचं प्रमाण बरंच घटतं. ग्राफिक्स कार्डाची मेमरी ८ जीबीच्या आत असेल तर जमिनीचं टेक्स्चर 'लो' वर, सावल्या 'फ्लॅट' वर आणि गवत शून्यावर न्या. कॉकपिटचं टेक्स्चर मात्र कमी करू नका, नाहीतर घड्याळं वाचता येत नाहीत आणि सगळा खटाटोप वाया जातो. ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलल्यावर चित्र अडखळू लागलं तर 'सेव्हड गेम्स' मधल्या डीसीएसच्या फोल्डरमधले एफएक्सओ आणि मेटाशेडर्स२ हे दोन फोल्डर रिकामे करा. पहिल्यांदा उघडायला वेळ लागेल, मग सुरळीत चालेल.

लाइट जाणं हा आपल्याकडचा स्वतंत्र धडा. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच झेलतो. मोठं ग्राफिक्स कार्ड पूर्ण ताकदीने चालू असताना तो ओरडून बंद पडतो. १००० व्हीएच्या पुढचा घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर तो प्युअर साइन वेव्ह आहे ना ते बघा. स्क्वेअर वेव्हवर चांगले पॉवर सप्लाय कुरकुरतात, काही तर लाइट जाण्याच्या क्षणीच मान टाकतात. अपडेट चालू असताना लाइट गेली तर सगळं परत उतरवू नका. स्टार्ट मेनूत डीसीएसचं 'रिपेअर' आहे, ते तुटलेल्या फाइली तेवढ्या बदलतं. आणि मे महिन्यात दुपारी पंचेचाळीस अंशांत उडायला बसू नका. कार्ड तापलं की स्वतःचा वेग उतरवतं, चित्र अडखळतं, आणि तुम्ही सेटिंग बदलत बसता. लू चालू झाली की कॅबिनेटची जाळी पंधरवड्याला झटकावी.

जॉयस्टिक: पहिली संध्याकाळ इथेच घालवा

स्वस्त जॉयस्टिकमध्ये पोटेन्शियोमीटर असतो. तो झिजतो, त्यात धूळ बसते, आणि स्टिक सरळ असतानाही विमान एका बाजूला झटके देऊ लागतं. काही महिने काँटॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्यावर निभावतात. हॉल सेन्सर असलेली स्टिक (थ्रस्टमास्टरची टी-१६०००एम, व्हीकेबीची ग्लॅडिएटर) चुंबकावर चालते, घासण्यासारखं आत काही नसतं, म्हणून बरीच टिकते. पेडल सुरुवातीला नको. स्टिकचा दांडा पिळला की रडर (शेपटावरचं उभं सुकाणू) चालतं, तेवढं बास.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डीसीएस जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला स्वतःहून अक्ष वाटून देतो. स्टिकला पिच-रोल (नाक वर-खाली करणं आणि पंख कलवणं), थ्रॉटललाही (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणाऱ्या दांड्यालाही) पिच-रोल, गेमपॅड लावलेला असेल तर त्यालाही. मग विमान वेड्यासारखं लोळतं आणि माणूस समजतो, हे आपल्याला जमण्यातलं नाही. उपाय असा:

ऑप्शन्समध्ये कंट्रोल्स उघडा, वर डावीकडे विमान निवडा, यादीतून 'अॅक्सिस कमांड्स' घ्या. प्रत्येक उपकरणाचा एक उभा रकाना दिसेल. पिच, रोल, रडर आणि थ्रस्ट (म्हणजे थ्रॉटल) या चार ओळींत एकेकच उपकरण राहील असं करा, बाकीच्या चौकटी रिकाम्या करा. हे प्रत्येक विमानासाठी वेगळं करावं लागतं. मग 'अॅक्सिस ट्यून' उघडून पिच-रोलला डेडझोन (मधली जागा, जिथे स्टिक हलली तरी विमान हलत नाही) २ आणि कर्व्हेचर (मध्याजवळ स्टिक किती मऊ वागेल ते) १५ ते २० द्या. पिळायच्या रडरला कर्व्हेचर २५ पर्यंत चालेल. थ्रॉटलला कर्व्ह नको. ते उलटं चालत असेल तर 'इन्व्हर्ट' वर खूण करा.

विमानात बसल्यावर उजवा कंट्रोल आणि एंटर दाबा. कोपऱ्यात एक चौकोन येतो, त्यात स्टिक कुठे आहे ते दिसतं. हात सोडल्यावर खूण मधोमध थांबली पाहिजे आणि थरथरता कामा नये. थरथरत असेल तर डेडझोन एकेकाने वाढवा. हा चौकोन पहिले काही आठवडे उघडाच ठेवा, कारण आपण स्टिक किती जोरात ओढतो ते आपल्याला कळत नसतं.

उडता उडता स्टिक मधेच मेली तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा. आणि स्टिक नेहमी त्याच यूएसबी छिद्रात लावा. छिद्र बदललं की डीसीएस तिला नवी समजू शकतो आणि जुनी मांडणी गायब होते. मांडणी जमली की 'सेव्हड गेम्स' मधल्या डीसीएसच्या कॉन्फिग फोल्डरातला 'इनपुट' फोल्डर पेनड्राइव्हवर टाकून ठेवा.

मान वळवता आली पाहिजे

पैसे खर्चायचेच असतील तर महागड्या थ्रॉटलआधी मानेवर खर्चा. बहुतेकदा खर्चायचीही गरज नाही. ओपनट्रॅक हा फुकटचा प्रोग्राम साध्या वेबकॅमने डोक्याची हालचाल ओळखतो. इनपुटला 'न्यूरलनेट ट्रॅकर', आउटपुटला 'फ्रीट्रॅक २.० एन्हान्स्ड' आणि फिल्टरला 'अॅक्सेला' निवडा. मग मॅपिंगमध्ये 'यॉ' चा (डावी-उजवीकडे वळण्याचा) कर्व्ह असा काढा, की डोकं पस्तीस अंश वळलं तर नजर एकशे साठ अंश वळेल. पहिले तीन अंश मात्र सपाट, म्हणजे समोर बघताना चित्र डगमगणार नाही. मध्य पुन्हा पकडायला स्टिकवरचं एक बटण राखून ठेवा, ते सारखं लागतं. पाठीमागे खिडकी असेल तर कॅमेऱ्याला चेहरा काळा दिसतो आणि नजर उड्या मारते. दिवा समोर हवा.

आधी उतरा

पहिल्या दोन आठवड्यांत एकही गोळी झाडू नका. फक्त उतरा. उतरताना वेग, उंची, दिशा आणि थ्रॉटल एकमेकांशी कसे बांधलेले आहेत ते कळतं. झुंजीत लागतं ते हेच, फक्त घाईने.

मिशन एडिटरमध्ये कॉकेशसचा नकाशा घ्या. सेनाकी-कोल्खी हा विमानतळ शोधा: सपाट प्रदेश, उंची समुद्रसपाटीच्या जेमतेम वर, धावपट्टी पूर्व-पश्चिम. बाटुमी दिसायला देखणं आहे, पण डोंगर अंगावर येतात, नवशिक्यांनी तिकडे जाऊ नये. सुखोई-२५टी ठेवा, 'स्किल' मध्ये 'प्लेअर' निवडा, इंधन निम्मं, शस्त्रं काही नाहीत, वारा शून्य. जागा धावपट्टीच्या पश्चिमेला बारा किलोमीटरवर, तोंड पूर्वेला, उंची ६०० मीटर, वेग ३५० किलोमीटर.

उतरणीचा कोन तीन अंशांचा. म्हणजे धावपट्टीपासून १० किलोमीटरवर उंची साधारण ५२० मीटर, ५ वर २६०, २ वर १०५ आणि १ किलोमीटरवर ५० च्या आसपास. हे चार आकडे चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवा. वेग २८० असताना या कोनात राहायचं तर दर सेकंदाला ४ मीटर खाली यायला हवं. उभ्या वेगाचा काटा बघून ते कळतं.

सुरुवातीलाच चाके (जी चं बटण) आणि फ्लॅप (कमी वेगात उचल वाढवणाऱ्या पंखांच्या मागच्या झडपा) खाली, मग ट्रिम. ट्रिम म्हणजे हात सोडला तरी नाक जिथल्या तिथे राहावं अशी व्यवस्था. ते स्टिकच्या टोकावरच्या छोट्या हॅट बटणावर बसवा, कीबोर्डवर शोधत बसू नका. २८० वर विमान हात न लावता उडेल इतका ट्रिम झाला, की अर्धं काम झालं.

आता नियम. वेग नाकाने सांभाळा, उतरण थ्रॉटलने. वेग कमी झाला तर नाक जरासं खाली. खाली जास्त येत असाल तर थ्रॉटल वर. नवशिका नेमकं उलट करतो: खाली चाललोय म्हणून नाक वर ओढतो, वेग मरतो, विमान आणखी बसतं, तो आणखी ओढतो, आणि धावपट्टीच्या अलीकडे शेतात जातो. धावपट्टीचं अलीकडचं टोक काचेवर एका जागी थांबलेलं दिसलं पाहिजे. ते वर सरकत असेल तर तुम्ही अलीकडे पडणार, खाली सरकत असेल तर पलीकडे जाणार. शेवटच्या आठ-दहा मीटरांत थ्रॉटल मागे घेत नाक हळूच उचला आणि विमानाला आपणहून बसू द्या. टेकल्यावर पुढचं चाक खाली आलं की पी दाबून पॅराशूट सोडा, मग डब्ल्यू दाबून ब्रेक.

आदळून उडालं तर नाक खाली दाबू नका. उडी, दाबणं, मोठी उडी, मग पुढचं चाक मोडणं: हा क्रम ठरलेला आहे. उडालं की सरळ पूर्ण थ्रॉटल, नाक आडवं, चढा आणि परत या. परत जाणं ही हार नव्हे, खरे वैमानिकही तेच करतात. ओळीने पाच वेळा विमान न मोडता उतरलं की वारा ताशी वीस किलोमीटरचा आडवा द्या. तेही जमलं की तापमान वाढवा. पंचेचाळीस अंशांत हवा पंधरा अंशांपेक्षा सुमारे दहा टक्के विरळ असते, काट्यावरचा वेग तोच असला तरी जमिनीवरचा जास्त असतो, आणि धावपट्टी अचानक आखूड वाटू लागते. ग्वाल्हेरच्या जूनमध्ये खऱ्या वैमानिकांना रोज काय करावं लागत असेल त्याची थोडी कल्पना येते.

मस्टँग: पाय कशासाठी असतात

टीएफ-५१डी उडायला सुंदर, पण जमिनीवर खोडकर. पंखा आणि इंजिन विमानाला डावीकडे ओढतात. थ्रॉटल एकदम पुढे ढकललं की विमान धावपट्टी सोडून गवतात. म्हणून रडर ट्रिम उजवीकडे ६ अंश, स्टिक पोटाशी (त्याने शेपटाचं चाक जवळजवळ सरळ अडकून राहतं), आणि थ्रॉटल पाच-सहा सेकंद लावून हळूहळू. ३००० आरपीएम (इंजिनाच्या फेऱ्या) आणि ६१ इंच दाब (इंजिनात जाणाऱ्या हवेचा) ही उड्डाणाची पूर्ण ताकद. रिकाम्या विमानाला ५० इंचही पुरतात. शेपूट उचलताना पुन्हा एकदा डावीकडे हिसका बसतो, तेव्हा उजवा पाय (पेडल नसेल तर स्टिकचा उजवा पीळ) तयार हवा.

ताकद वाढवताना आधी आरपीएम, मग दाब. कमी करताना आधी दाब, मग आरपीएम. उलट केलंत तर कमी फेऱ्यांवर जास्त दाब येऊन इंजिन आतून ठोके खातं आणि थोड्या वेळात धूर. उतरताना चाकं १७० मैलांच्या आत, शेवटचा टप्पा ताशी ११५ ते १२० मैलांवर.

झुंज: उंची म्हणजे शिल्लक

मिशनमध्ये एक अँटोनोव्ह-२६ मालवाहू ठेवा, ४०० किलोमीटर वेगाने सरळ जाणारं, आणि सुखोईने त्याच्या मागे शंभर मीटरवर पाच मिनिटं राहा. दिसायला कंटाळवाणं, पण याहून चांगला व्यायाम नाही. जेट इंजिन थ्रॉटलला लगेच उत्तर देत नाही, काही सेकंद घेतं. जुन्या गीझरच्या नळाचं जसं असतं, गरम पाणी येईना म्हणून आणखी फिरवला की पोळतं, तसं इथे होतं: मागे पडलो म्हणून थ्रॉटल ढकललं, उत्तर आलं नाही म्हणून आणखी ढकललं, आणि मग मालवाहूच्या शेपटात. थोडं द्या, थांबा, अंतर बंद होऊ लागताच निम्मं काढून घ्या.

पुढे वळण. ६० अंश कलून उंची न सोडता वळलात तर अंगावर २ जी (म्हणजे वजनाच्या दुप्पट भार) येतात, ७५ अंशांवर जवळजवळ ४. आणि ४ जी असताना विमान कोसळण्याचा, म्हणजे पंखांची उचल सुटण्याचा (स्टॉल) वेग दुप्पट होतो. मस्टँग सरळ उडताना ताशी शंभर मैलांच्या आसपास कोसळत असेल, तर त्या वळणात दोनशेवरच कोसळेल. 'वेग भरपूर होता तरी विमान गरगरलं कसं' या प्रश्नाचं उत्तर इतकंच आहे. कोसळण्याआधी विमान थरथरतं. थरथर जाणवली की स्टिक केसभर सैल करा. गरगरायला लागलंच तर थ्रॉटल कमी, एलरॉन (पंख कलवणाऱ्या झडपा, म्हणजे स्टिक डावी-उजवी) मध्यात, फिरतंय त्याच्या उलट रडर आणि स्टिक पुढे. फिरणं थांबलं की मगच हळू ओढा.

उंची आणि वेग एकमेकांत बदलता येतात. ताशी ३६० किलोमीटरवर असताना ३०० मीटर खाली सूर मारलात तर हवेचा विरोध सोडून वेग ४५० च्या घरात जातो. ६०० मीटर आल्यास ५३०. म्हणून वर असलेल्याच्या हातात निवड असते: झडप घालायची, जमलं नाही तर परत वर जायचं. खालच्याला फक्त वळत राहता येतं, आणि प्रत्येक वळणाला वेग खर्च होतो. नवशिके दर वेळी हरतात ते याच हिशोबात. शत्रू दिसला की ते पोटापर्यंत स्टिक ओढतात, तीन वळणांत वेग संपतो, आणि मग कोणीही येऊन मारून जातो. पहिल्या वळणानंतर वेगाचा काटा बघायची सवय लावा. निम्म्याहून खाली गेला असेल तर वळण सोडा, नाक खाली करा आणि दूर निघा.

सशस्त्र मस्टँग किंवा आयएल-२ घेतलंत तर नेमाचा हिशोब एकदा कागदावर मांडा. पॉइंट ५० च्या मशीनगनची गोळी ३०० मीटर जायला साधारण ०.३७ सेकंद घेते. शत्रू ताशी ३६० ने आडवा जात असेल तर तेवढ्यात तो ३७ मीटर पुढे सरकतो, म्हणजे मस्टँगच्या जवळजवळ चार लांब्या. आडव्या शत्रूवर नेम त्याच्या नाकावर धरून कधीच लागत नाही. उपाय सोपा: २०० मीटरांच्या आत, जवळजवळ शेपटामागून, एक-एक सेकंदाचे फटके. गोळ्या उधळायची सवय लवकर लागते आणि उशिरा सुटते.

सुखोईची शस्त्रं

सुखोई-२५टी ला रडार नाही, टीव्ही-कॅमेरा आहे. ७ दाबून जमिनीवरच्या माऱ्याचा मोड, ओ दाबून कॅमेरा, उजवा शिफ्ट आणि ओ दाबून लेझर. लक्ष्य चौकटीत पकडलं आणि अंतर आठेक किलोमीटरवर आलं की विखर क्षेपणास्त्र सोडता येतं. ते लेझरच्या किरणावरून जातं, म्हणून लागेपर्यंत लक्ष्य कॅमेऱ्यातून सुटता कामा नये. आठ किलोमीटर जायला त्याला वीस-बावीस सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ताशी ५०० च्या वेगाने तुम्ही तीन किलोमीटर पुढे गेलेले असता, म्हणजे लक्ष्यापासून पाचावर. शेजारी लहान पल्ल्याचं विमानविरोधी क्षेपणास्त्र उभं असेल तर तुम्ही त्याच्या तोंडात आहात. म्हणून आधी त्याला मारा, रणगाडे कुठे पळत नाहीत. आणि क्षेपणास्त्र लागलं की लगेच वळा, स्फोट बघत बसू नका. एका फेरीत एक लक्ष्य.

मग मिराज

इथवर आल्यावर मिराज-२०००सी ची हौस पुरी करायला हरकत नाही. (तळाच्या आसपास मोबाइल काढून फोटो घ्यायला मनाई आहे, तेव्हा कॉकपिट बघायचं ते असंच.) कोणतंही विमान विकत घेण्याआधी ते बनवणारे लोक आजही दुरुस्त्या देत आहेत का ते तपासा. नाहीतर एखाद्या अपडेटनंतर रडार बंद पडलं तर दाद मागायला कोणी नसतं. हेही लक्षात असू द्या, की डीसीएसमधलं विमान फ्रेंच हवाई दलाचं आहे. आपल्या मिराजचं रडार वेगळं, नंतरच्या सुधारणा वेगळ्या. डौल मात्र तोच.

सुरू करताना आयएनएसला (विमानातल्या दिशादर्शक यंत्रणेला) जुळवायला सुमारे आठ मिनिटं द्यावी लागतात, आणि तोवर विमान हलवायचं नाही. घाईने निघालात तर समोरच्या काचेवरच्या दिशेच्या खुणा खोट्या बोलतात आणि तासाभराने भलत्याच डोंगरावर पोहोचता. त्रिकोणी पंखामुळे पहिलं वळण जबरदस्त बसतं, पण ओढलेल्या पंखाचा विरोधही तितकाच जबरदस्त असतो. दुसऱ्या वळणापर्यंत वेग गेलेला. त्यामुळे मिराजने एकदाच जोरात वळून मॅजिक-२ हे जवळच्या पल्ल्याचं क्षेपणास्त्र सोडावं आणि निघून जावं, गोल-गोल फिरण्याच्या नादी लागू नये. दूरच्या पल्ल्याचं सुपर-५३०डी क्षेपणास्त्र लागेपर्यंत रडारचं लॉक (लक्ष्यावरची पकड) धरून ठेवावं लागतं. शत्रू तुमच्या दिशेला काटकोनात वळला की डॉप्लर रडारला (जे लक्ष्य जवळ येण्याच्या वेगावरून ते ओळखतं) तो जमिनीपासून वेगळा दिसत नाही आणि लॉक सुटतं. तुमच्यावर कोणी सोडलं तर तुम्हीही हेच करा.

उतरताना मिराजला फ्लॅप नाहीत. नाक हवेशी १४ अंशांवर वर धरून यायचं, आणि सुखोईसारखं शेवटी ओढायचं नाही. ओढलंत तर शेपूट घासतं.

ऑनलाइन जाण्याआधी

सर्व्हरवर पहिले काही दिवस प्रेक्षकाच्या जागेत बसून ऐका. बऱ्याच ठिकाणी सिंपल रेडिओ स्टँडअलोन हा फुकटचा रेडिओ प्रोग्राम लागतो, तो आधीच चालवून बघा, आणि बोलायचं बटण स्टिकवर बसवा. घरात पंखा आणि कुकर चालू असताना माइक उघडा ठेवू नका, सगळी तुकडी तुमच्या घरचा स्वयंपाक ऐकते. टॅक्सीवेवरून (धावपट्टीकडे नेणाऱ्या रस्त्यावरून) उड्डाण करू नका. धावपट्टीवर येण्याआधी दोन्ही बाजूंना मान वळवून बघा. उतरल्यावर धावपट्टी पूर्ण सोडेपर्यंत एफ१० बटणाचा नकाशा उघडू नका, कारण मागून कोणीतरी उतरत असतं.